पेन्सिलीची रक्कम

खिडकी नंबर तीन आता बंद असते.
काचेवर कागद चिकटवलाय: बिलं फोनवर भरा.
खालच्या फटीतून मात्र अजून सरोवराचा वारा येतो,
ताज्या आणि शिळ्या मासळीचा एकत्र वास घेऊन,
आणि मी, पर्पेचुआ अवूर, सव्वीस वर्षं इथली कॅशियर,
खुर्ची ओढून तुझ्या पडद्याशेजारी बसते,
तू चुकतोस का ते बघायला.
तू चुकत नाहीस.

किसुमूत सगळ्यांना माहीत होतं,
बिल फिटल्याशिवाय फाटक उघडत नाही.
बरी झालेली माणसं व्हरांड्यात दिवस काढायची,
बाळंतिणी दुसऱ्यांची दुपटी धुऊन द्यायच्या,
आणि रोजचं खाटेचं भाडं
त्याच बिलात चढत जायचं.
मी दोन तऱ्हांनी लिहायचे.
शाईचं ऑडिटरसाठी.
पेन्सिलीचं म्हणजे, जा बाई, जमेल तेव्हा आण.
कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून टिलापिया आणायचं,
कुणी कधीच काही नाही.
वर्षाला एक खोडरबर झिजायचं.

तुझ्याकडे खोडरबर नाही.
पेशंटनं खाट सोडायच्या आधीच तुला ठाऊक असतं
कुणाची किती मासळी विकली गेली,
कुणाची बहीण नैरोबीहून दर शनिवारी किती पाठवते.
सात सेकंदांत तू म्हणतोस: कर्ज मंजूर.
जामीन नाही, सही नाही, काचेवर नुसता अंगठा.
फाटक आपोआप उघडतं.
माणूस घरी जातो
आणि बिल त्याच्या खिशात बसून त्याच्याबरोबर जातं.

खरं सांगू?
मी तुला शिव्याच द्यायला बसले होते.
पण पहिल्याच आठवड्यात तू माझ्या जुन्या वह्या वाचल्यास,
खोडलेलंसुद्धा. कागदावर दाब उरतो म्हणे.
आणि एक तक्ता काढून दिलास, रंगीत:
माझी पेन्सिल कुणाकुणासाठी चालली.
माझ्या बाजूच्या गावांतली आडनावं. माझ्या चर्चमधल्या बायका.
माझ्या भाषेत रडता येणारे.
नाकिरू त्या तक्त्यात नव्हती.
तुर्कानाहून आलेली, गळाभर मण्यांच्या ओळी,
काय म्हणायची ते मला कळायचं नाही
आणि मी कुणाला विचारलंही नाही.
एकेचाळीस दिवस व्हरांड्यात.
शाईनं. एकेचाळीस ओळी, माझ्या सुवाच्य अक्षरात.
तू तिला सात सेकंदांत सोडलं असतंस.
किंवा नसतंस. तिच्याकडे फोन नव्हता.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

आता दर पाच तारखेला तू संदेश पाठवतोस:
प्रिय झॅब्लन ओग्वेनो, आपला हप्ता बाकी आहे.
झॅब्लन मार्चात वारला,
आपल्याच इमारतीत, दोन जिने वर.
वॉर्डातला मेलेला आणि बँकेतला जिवंत
अजून एकमेकांना भेटलेले नाहीत.
मी रिस्परला फोन केला. म्हटलं, बाई,
मृत्यूचा दाखला आण, नाव काढून टाकू.
ती बराच वेळ गप्प. मागे तेल तडतडत होतं.
मग म्हणाली, घाई काय आहे?
त्याचा फोन मी रोज चार्ज करते.
महिन्यातून एकदा वाजतो.
दुसरं कुणी आता त्याला प्रिय म्हणत नाही.

व्याज चढतंय गं, मी म्हणाले.
चढू दे. पुढच्या पाचला बघू.

तुझ्या पडद्यावर शेरा नावाचा एक रकाना आहे,
कुणी भरत नाही तो.
मी त्यात लिहिलं, पुढच्या पाचला बघू.
तू म्हणालास, नोंद अवैध, पुन्हा टाका.
पुन्हा टाकली.
पुन्हा तेच म्हणालास, न चिडता.

मग ड्रॉवरमध्ये हात घातला.
होती तिथेच, मागच्या कोपऱ्यात.
टोक तुटलेलं.